मारिओची नाणी पैशाला पासरी, मग खेळायचं कशासाठी?

प्रश्न : नमस्कार दादा, माझा मावसभाऊ न्यू जर्सीला असतो, गणपतीत आला तेव्हा त्याचा जुना निन्टेन्डो थ्रीडीएस (हातात धरून खेळायचं गेम मशीन) मला देऊन गेला, सोबत ‘न्यू सुपर मारिओ ब्रदर्स टू’ची कॅसेट. लहानपणी टीव्हीला लावायच्या त्या ‘९९९९ इन १’ वाल्या व्हिडिओ गेमवर मारिओ खेळलोय, तिथे एकेका लाइफसाठी जीव जायचा. इथे चार संध्याकाळींत साठ-सत्तर लाइफ जमल्यात आणि नाणी तर विचारूच नका. एवढा सोपा करून ठेवलाय का हा गेम, की मीच काहीतरी चुकीचं खेळतोय? पुढे खेळू की ठेवून देऊ? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : चुकीचं काही नाही खेळत तुम्ही, तो गेम आहेच तसा. २०१२ साली आला तेव्हा त्याची जाहिरातच ही होती की दहा लाख नाणी गोळा करा. म्हणून मग जिकडे बघाल तिकडे सोनं. सोनेरी रिंगमधून गेलात की सगळे शत्रू सोनेरी होतात, कासवाची कवटी लाथाडली की ती जाता जाता मागे नाण्यांची रांग सोडते, आणि ते सोन्याचं डबडं डोक्यावर बसलं की नुसतं पळत सुटायचं, टोपीतून नाणी उडत राहतात (माझी पुतणी त्याला लग्नातला फेटा म्हणते). सोन्याच्या फुलाने तर विटांच्या भिंतीच्या भिंती नाणी होऊन जातात.

आता गोची अशी की शंभर नाण्यांना एक लाइफ हा १९८५ चा हिशोब यांनी तसाच ठेवला. तेव्हा हातात तीन लाइफ, सेव्ह करायची सोय नाही, त्यामुळे खड्ड्यावरचं एक नाणं घ्यावं की सोडावं याचा खरोखर विचार व्हायचा. इथे नाणी पैशाला पासरी, लाइफ त्याहून स्वस्त, आणि वर एकाच लेव्हलमध्ये पाचदा मेलात की गेम स्वतःहून पांढरं पान पुढे करतो, ते घेतलं की शत्रू काही करू शकत नाहीत, मग कसली भीती आणि कसलं काय. आणि दहा लाख झाल्यावर मिळतं काय? सुरुवातीच्या स्क्रीनवर मारिओचा सोन्याचा पुतळा, बस्स. एका लेव्हलला पाचशे नाणी धरली तरी २००० फेऱ्या होतात, बघा बुवा.

बाकीचं बोलायचं तर हाताला गेम झकास लागतो. ‘मारिओ थ्री’मधली ती शेपटी परत आलीय, लांब पळत येऊन उडी मारायची आणि सरळ ढगांच्या वर निघून जायचं, तिथे हमखास काहीतरी लपवलेलं असतं. लेव्हलमागे तीन मोठी स्टार कॉइन असतात, ती शोधायला लागलात की गेम एकदम शहाणा वाटायला लागतो. पण मधल्या बुरुजांवर प्रत्येक वेळी तेच चाकावर बसलेले रेझनॉर (आग ओकणारे गेंड्यासारखे डायनोसॉर), गवत-वाळवंट-बर्फ ही तीच वरात, संगीतही बरंचसं आधीच्या, वी या टीव्हीला लावायच्या कन्सोलवरच्या मारिओ गेममधलंच. एक गंमत सांगतो, निन्टेन्डोत ताकाशी तेझुकांनी (मूळ मारिओच्या निर्मात्यांपैकी एक) इतर कामं करणाऱ्या आपल्याच लोकांना मारिओच्या लेव्हल कशा बनवायच्या हे शिकवायला अक्षरशः क्लास काढला होता, त्या शिकवणीचा आणि या गेमचा थेट संबंध आहे. खेळताना ते जाणवतं मला, म्हणजे पेपर व्यवस्थित सोडवलाय, मार्जिन आखलंय, पण स्वतःचं एखादं वाक्य घालायची हिंमत कमीच.

तर ठेवून देऊ नका, मेनूत ‘कॉइन रश’ आहे तो उघडा. तीन लेव्हल सलग, वेळ तोकडा आणि लाइफ एकच. तेच सोनं, तीच डबडी, पण आता मेलात की सगळं गेलं. शेवटच्या झेंड्याच्या अगदी टोकाला पकडलं तर जमलेली नाणी डबल होतात. मागच्या आठवड्यात तिसऱ्या लेव्हलला माझ्याकडे चार हजारांच्या वर होती, घड्याळ टिकटिकतंय, एक पाऊल मागे घेऊन नीट उडी मारायची का आहे तशीच, या विचारात मी शेवटच्या पायरीवरून घसरून सरळ खड्ड्यात. फोन पलंगावर आपटतात तसा थ्रीडीएस आपटणार होतो, कसाबसा आवरलो. एका नाण्याची किंमत काय असते ते या गेमला इथे आठवतं, मुख्य गेममध्ये नाही.

प्रश्न : हा गेम मुलीबरोबर दोघांनी मिळून खेळता येतो का? ती पाच वर्षांची आहे. (वाचक, नाशिक)

उत्तर : येतो, पण दोन थ्रीडीएस आणि दोन कॅसेट पाहिजेत, एका मशीनवर नाही जमत. शिवाय कॅमेरा एकाच्याच मागे धावतो, त्यामुळे मागे राहिलेला रडतो, बहुतेक वेळा तो बाबाच असतो. आणि थ्रीडी बंद ठेवा, सहा वर्षं आणि त्याखालच्या मुलांना तो दाखवू नका असं कंपनीच सांगते. तसंही या गेममध्ये थ्रीडीचा स्लायडर वर नेला की मागचं चित्र नुसतं धूसर होतं, गमावण्यासारखं काही नाही.

प्रश्न : या गेमची सेकंडहँड कॅसेट घ्यायचीय, काय बघू? (वाचक, पणजी)

उत्तर : आधी मशीन कुठलं ते बघा. थ्रीडीएसला रीजन लॉक आहे, अमेरिकेतल्या मशीनमध्ये जपानची किंवा युरोपची कॅसेट चालत नाही, आणि आपल्याकडे मशिनं येतात नातेवाइकांच्या बॅगेतून, त्यामुळे कुणाचा काका दुबईला, कुणाची आत्या लंडनला, सगळी खिचडी. विकणाऱ्याकडून डब्याचा नाही, कॅसेटच्या लेबलचा फोटो मागा. डाउनलोडवर विसंबू नका, निन्टेन्डोच्या ऑनलाइन दुकानातली, म्हणजे ई-शॉपवरची थ्रीडीएसची खरेदी २७ मार्च २०२३ ला बंद झाली. कॉइन रशचे रेकॉर्ड जवळून जाणाऱ्या दुसऱ्या थ्रीडीएसशी आपोआप अदलाबदल होतात, ते मात्र चालू आहे. मी महिनाभर डोंबिवली ते सीएसटी बॅगेत मशीन चालू ठेवून फिरलो, एकही भेटला नाही. पणजीत कुणी भेटलं तर कळवा.