लोकरीचं छोटं घर फुगून गोळा होऊ नये म्हणून कसं विणावं?

तुमच्या घराच्या भिंती कापूस भरल्यावर बाहेर येतात, कोपरे हरवतात आणि घर एका बाजूला कलतं, असं तुम्ही लिहिलंय. विणलेलं कापड ताणलं जातं आणि कापूस सगळीकडे सारखाच दाबतो, त्यामुळे चौकोनी पिशवीसुद्धा गोल व्हायला बघते. म्हणून वीण घट्ट हवी आणि आतला आकार कापसावर सोडून चालत नाही.

डबल निटिंग जाडीची लोकर सहसा 4 मिमीच्या सुयांवर विणतात. घरासाठी 3.25 मिमीच्या, म्हणजे 10 नंबरच्या घ्या. 10 सेंमीत साधारण 25 टाके आणि 34 ओळी बसायला हव्यात. विणलेला तुकडा ताणून उजेडासमोर धरा. टाक्यांमधून उजेड ठळक दिसला, तर सुई अजून एक नंबर बारीक घ्या. भिंतींना आणि तळाला मिळून 15 ग्रॅम, छपराला 10 ग्रॅम लोकर पुरते.

चारही भिंती सलग विणण्यापेक्षा सुट्या विणा. कोपऱ्यातली शिवण आतून खांबासारखी उभी राहते, हा फायदा सोडू नये. प्रत्येक भिंतीला 18 टाके, एक ओळ सुलट आणि एक उलट, अशा 24 ओळी. बाजूच्या दोन भिंती इथेच बंद करा, तळही याच मापाचा. टाके घालताना हात सैल ठेवा. इथे घट्ट झालं की घर पायाशी निमुळतं होतं आणि उभं राहत नाही.

पुढची आणि मागची भिंत वर त्रिकोणी करायची. प्रत्येक सुलट ओळीत दोन्ही टोकांना एकेक टाका कमी करा, पण कडेचा पहिला टाका तसाच राखून. सुरुवातीला एक टाका न विणता घ्या, पुढचा सुलट विणा आणि न विणलेला त्यावरून ओढून टाका. शेवटी दोन टाके एकत्र सुलट. दोन्हीकडे एकाच पद्धतीने घटवलंत तर एक उतार गुळगुळीत आणि दुसरा दातेरी दिसतो. आठ वेळा घटवल्यावर (शेवटच्या वेळी कडेचा टाका न राखता) दोन टाके उरतात, ते एकत्र करून धागा ओढून घ्या.

दारं-खिडक्या शिवणीआधीच, टाक्यावर टाका भरून करा. सुलट टाका उंचीपेक्षा रुंद असतो, म्हणून 4 टाके रुंद चौकोनी खिडकीला 4 नाही, 5 किंवा 6 ओळी लागतात. चौकटीच्या कागदावर काढलेली नक्षी विणल्यावर बसकी दिसते ती यामुळेच. दार 5 टाके रुंद, 10 ओळी उंच छान दिसतं.

मग सगळे तुकडे पाण्याने ओलसर करून टाचण्यांनी सपाट लावा आणि पूर्ण वाळू द्या. ॲक्रिलिक लोकरीवर गरम इस्त्री टेकवू नका, वीण कायमची लुळी पडते आणि नंतर काही केल्या सावरत नाही. ही पायरी वगळली तर कडा गुंडाळत राहतात आणि शिवण वाकडी जाते.

आता आतला आकार. वाळलेली पुढची भिंत कागदावर ठेवून तिच्याभोवती रेघ मारा आणि त्या मापाने 7 सेंमी जाड स्पंज कापा. शिवणीत दोन्हीकडचा एकेक टाका जातो, म्हणून स्पंज आपोआप पाऊण सेंमी मोठा ठरतो आणि भिंती ताठ बसतात. खालून 1 सेंमी स्पंज कमी करून तिथे कापडी पुरचुंडीत बारीक खडे ठेवा. धान्य नको, कीड लागते. तळाशी प्लॅस्टिकच्या डब्याचं झाकण कापून घाला. पुठ्ठा ओल लागली की वाकतो.

स्पंज नसेल आणि कापूसच भरायचा असेल, तर लांब सुईने पुढच्या भिंतीतून मागच्या भिंतीपर्यंत धागा न्या, तिथला एक टाका पकडून परत आणा आणि भिंत सपाट होईपर्यंतच ओढा. जास्त ओढलं की खळी पडते.

शिवताना तुकडे सुलट बाजू वर करून शेजारी ठेवा, कडेच्या टाक्याच्या आतला आडवा धागा एकदा इकडचा, एकदा तिकडचा उचला. आधी भिंती, मग तळ, मग स्पंज, शेवटी छप्पर.

छपराला 22 टाके, सगळ्या ओळी सुलट, साधारण 70 ओळी, म्हणजे 14 सेंमी. ही वीण गुंडाळत नाही आणि कौलांसारखी आडवी रेघ आपसूक देते, म्हणून छपराला हीच घ्यावी. मधोमध घडी घालून टोकावर बसवा, चारी बाजूंनी सेंटीमीटरभर बाहेर राहील असं बघा आणि आतल्या बाजूने शिवा. धुराडं हवं असेल तर 8 टाक्यांच्या 12 ओळी सुलट विणून गुंडाळी करा आणि उताराच्या वरच्या भागात टाचा. खाली टाचलं की छप्पर पुढे झुकतं.