रेडिओ डिजिटल, पण कुठला?

प्रश्न : मुलीने ओस्लोहून डॅब (डिजिटल ऑडिओ ब्रॉडकास्टिंग) रेडिओ आणून दिला. तिथे स्टेशनांची भली मोठी यादी दिसायची म्हणे. इथे स्कॅन लावलं की पट्टी शेवटपर्यंत सरकते आणि पडद्यावर स्टेशनं शून्य. एफएम मात्र स्वच्छ लागतं. संच बिघडलाय का?

उत्तर : संच ठणठणीत आहे, दुरुस्तीवर पैसे घालवू नका. ‘डिजिटल रेडिओ’ नावाची एकच पद्धत जगात असती तर हा घोळ झाला नसता. युरोपने 1987 साली सुरू झालेल्या ‘युरेका 147’ प्रकल्पातून डॅब घडवलं आणि नॉर्वेने 1 जून 1995 रोजी त्यावर पहिली वाहिनी सुरू केली. अमेरिकेने वेगळीच वाट धरली. तिथल्या एचडी रेडिओला 2002 मध्ये परवानगी मिळाली. त्यात स्टेशनच्या जुन्या सिग्नलला दोन्ही बाजूंनी चिकटून डिजिटल सिग्नल जातो. चीनने स्वतःची सीडीआर पद्धत काढली, भारताने मध्यम लहरींवर (मीडियम वेव्हवर) डीआरएम म्हणजे ‘डिजिटल रेडिओ मॉन्डिआल’ ही पद्धत आणली. तुमचा संच 174 ते 240 मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात डॅब शोधतोय. तिथे कुणी बोलतच नसेल, तर तो बिचारा काय ऐकवणार?

यापुढे संच घेताना खोक्यावरच्या ‘डिजिटल’ या शब्दाला भुलू नका. आपल्याकडे हवेत काय आहे ते आधी विचारा. डॅबमध्येही भानगड आहेच. 2007 मध्ये डॅब प्लस ही सुधारलेली आवृत्ती आली आणि त्याचं प्रसारण त्याआधीच्या डॅब संचांना कळत नाही.

प्रश्न : चालू एफएम काही देश बंद का करतात? आवाज सुधारतो म्हणून?

उत्तर : आवाज हे जाहिरातीतलं कारण. खरी कारणं पैसा आणि जागा.

एफएमला दर स्टेशनमागे एक फ्रिक्वेन्सी आणि एक ट्रान्समीटर लागतो. डॅबमध्ये दीड मेगाहर्ट्‌झच्या एका ठोकळ्यात, एकाच ट्रान्समीटरवरून, डझनभर स्टेशनं सहज जातात. शिवाय शेजारशेजारचे मनोरे एकाच फ्रिक्वेन्सीवर चालतात. एफएममध्ये असं केलं तर दोन सिग्नल एकमेकांच्या उरावर बसतात. डॅबमध्ये सिग्नलच्या दर तुकड्याआधी 246 मायक्रोसेकंदांचा राखीव वेळ सोडलेला असतो. तेवढ्या वेळात लहर जवळपास 74 किलोमीटर जाते, म्हणजे लांबच्या मनोऱ्यावरून उशिरा आलेली लहरही गोंधळ घालत नाही, उलट मदतीलाच येते. लांबच्या प्रवासात गाडीतलं स्टेशन पुन्हा शोधावं लागत नाही, ते यामुळे.

नॉर्वेत एफएमवर राष्ट्रीय वाहिन्या 5 होत्या, डॅबवर त्या 22 झाल्या. दर वाहिनीमागे एफएमचा प्रसारणखर्च डॅबच्या आठपट पडतो, असं तिथल्या सरकारने सांगितलं होतं. 11 जानेवारी 2017 ला नूरलान परगण्यापासून सुरुवात झाली आणि डिसेंबरपर्यंत राष्ट्रीय वाहिन्या एफएमवरून उतरल्या. ‘नॉर्वेत एफएम संपलं’ असं जो तो लिहितो, पण छोटी स्थानिक स्टेशनं तिथे एफएमवर राहिली. स्वित्झर्लंडच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने 2024 च्या अखेरीस एफएम बंद केलं आणि तिचे श्रोते घटले. लोक घरातले, गाडीतले संच आपल्या वेळापत्रकाने बदलत नाहीत, हे धोरण आखणाऱ्यांना उशिरा कळतं.

आता आवाजाचं. डिजिटलमध्ये खरखर नसते, हे खरं. पण ठोकळ्यातली जागा ठरलेली असते. मालकाने जास्त स्टेशनं कोंबली की प्रत्येकाच्या वाट्याला कमी बिट येतात आणि झांजांचा आवाज चुरमुरा होतो. ब्रिटनमध्ये तर कित्येक स्टेशनं डॅबवर मोनोमध्ये चालत. अशा वेळी चांगलं एफएम कानाला बरं वाटतं, आणि मी ते बेधडक सांगतो. सिग्नल कमकुवत झाला की एफएम खरखरत का होईना, बोलत राहतं. डॅब आधी पाण्यातून बोलल्यासारखं बुडबुडतं, मग एकदम चिडीचूप. आणखी एक : तासाचे टोल डॅबवर काही सेकंद उशिरा पडतात, तेव्हा त्यावर घड्याळ लावू नका.

मला स्वतःला डिजिटलचा खरा फायदा मध्यम लहरींवर दिसतो. माझी सारी नोकरी मध्यम लहरींच्या ट्रान्समीटर हॉलमध्ये झाली. निवेदक श्वास घ्यायला थांबला, तरी आमची वाहक लहर, म्हणजे आवाज पाठीवर वाहून नेणारी मूळ लहर, पूर्ण ताकदीने सुरूच असायची. बोलणं जोरात असलं तरी दोन तृतीयांश वीज त्या लहरीतच जाते आणि तिच्यात ऐकण्यासारखं काहीही नसतं. निम्मी वीज पंख्यांनी बाहेर फेकायच्या उष्णतेतच गेली, असं वाटायचं. डीआरएममध्ये ही वाहक लहर नाही. मनोरा तोच आणि चॅनेलची रुंदी तीच ठेवून, कमी विजेत एकाहून अधिक कार्यक्रम पाठवता येतात.

प्रश्न : मोबाईलवर सगळं ऐकू येतं. मग ही उठाठेव कशाला?

उत्तर : मोबाईलवर दर श्रोत्यासाठी वेगळा प्रवाह जातो, श्रोते वाढले की भार वाढतो. मनोऱ्याला समोर दहा जण आहेत की दहा लाख, फरक पडत नाही. ऐकणाऱ्याचा डेटाही खर्च होत नाही. वादळात मोबाईलचे टॉवर वीज गेल्यावर काही तासांत मान टाकतात, दूरचा एक रेडिओ ट्रान्समीटर मात्र मोठा मुलूख सांभाळतो. डीआरएममध्ये आपत्तीच्या इशाऱ्याची सोय आहे : लावलेलं स्टेशन सोडून संच आपणहून इशाऱ्याच्या कार्यक्रमावर जातो आणि पडद्यावर मजकूर दाखवतो. फक्त ती सोय संचातही असावी लागते, म्हणून घेताना दुकानदाराकडून खात्री करून घ्या.