"मॅडम, मी पण त्या सिरीजमधल्या बॉससारखाच आहे का?"

ऑफिसवरच्या त्या कोरड्या, अवघडलेल्या विनोदाच्या सिरीज बघणारे बरेच जण मला एकच गोष्ट विचारतात, की बघताना लाज आपल्याला वाटते, पोटात गोळा येतो, तरी बंद करवत नाही, म्हणजे माझ्यात काही बिघडलंय का? नाही, बिघडलेलं नाहीये. माझ्याकडे समुपदेशनाला आलेल्या एकाची केस सांगते, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

आयटीतला मुलगा, नुकताच टीम लीड झालेला. रोज रात्री जेवण झालं की 'द ऑफिस', ती अमेरिकन, स्क्रँटनच्या कागद विकणाऱ्या कंपनीवरची, 2005 ते 2013 चाललेली. नऊच्या नऊ सीझन संपले की परत पहिल्यापासून. म्हणाला, "आधी मी त्यातल्या बॉसला, मायकल स्कॉटला हसायचो, आता वाटतं टीम मलाच तसं हसत असेल. कॉलवर जोक मारला की सगळे म्यूटवर, मग रात्री दोन वाजेपर्यंत तेच डोक्यात फिरतं."

आता या सिरीजमध्ये मागून हशा वाजत नाही. 2001 मध्ये बीबीसीवर आलेल्या मूळ ब्रिटिश 'द ऑफिस'मध्येही नव्हता. कुणीतरी नको ते बोलून जातं, मग नुसती शांतता, एखादा कॅमेऱ्याकडे बघतो, आणि हसायचं की तोंड लपवायचं ते आपलं आपण ठरवायचं. स्वतःची फजिती झाली की आपण त्या क्षणात थांबतच नाही, विषय बदलतो, फोनमध्ये डोकं घालतो. इथे मात्र घरी बसून, काही धोका नसताना, तो क्षण पूर्ण बघता येतो, आणि पुढच्या एपिसोडला तोच माणूस त्याच लोकांमध्ये परत असतो. ऑफिसात सतत आपलं चुकतंय असं वाटणाऱ्याला याचा फार आधार होतो, मी हे कितीतरी जणांत बघितलंय.

त्याला विचारलं, कुठला सीन परत परत बघतोस? त्यातल्या रिसेप्शनिस्टच्या, पॅमच्या, चित्रांच्या प्रदर्शनाचा, म्हणाला. ऑफिसातले फारसे कुणी फिरकत नाहीत, आलेला एक सहकारी नावं ठेवतो आणि ते तिच्या कानावर पडतं, आणि मग उशिरा मायकल येतो, मनापासून कौतुक करतो, तिने काढलेलं ऑफिसच्या बिल्डिंगचं चित्र विकत मागतो. सांगताना याचे डोळे भरले. अरे, मग तू रोज कुणाला हसायला बसत नाहीस, अवघडलेला माणूस पण कुणाला तरी हवासा असतो हे बघायला बसतोस, असं मी त्याला म्हटलं.

मग त्याला एक प्रयोग सांगितला. मानसशास्त्रज्ञ टॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टीशर्ट घालून इतरांसमोर पाठवलं (2000 मध्ये छापून आलं ते). त्यांना वाटलं जवळपास निम्म्या लोकांनी बघितला असणार, प्रत्यक्षात पाव लोकांच्याही लक्षात नव्हता. त्याला ते पटलं पण पुरलं नाही, पुरत नसतंच. म्हणून टीममधल्या ज्या मुलीवर विश्वास होता तिला सरळ विचारायला सांगितलं. तिला जोक आठवतच नव्हते. ती म्हणाली, "तू फार भरभर बोलतोस रे, आम्हाला मध्ये बोलायला जागाच मिळत नाही."

मग आम्ही त्यावरच काम केलं, बोलून झालं की थांबायचं, शांतता झाली तर होऊ द्यायची. पहिले काही कॉल त्याला फार जड गेले. आता टीममधले मध्ये बोलतात. सिरीज बंद कर असं मी त्याला कधीच सांगितलं नाही, फक्त बाराला झोपायचं ठरलंय, आणि ते तो बऱ्यापैकी पाळतो.