दोनशे बारावं पान

चि. मुली,

तुझ्या कादंबरीची एकशे चाळीस पानं मी दोन रात्रींत वाचली. तिसऱ्या दिवशी तुझं दुसरं पाकीट आलं. पानं वाचून झालेला आनंद त्या पाकिटाने पार उतरवला.

तू चांगलं लिहितेस हे मी सांगत बसणार नाही. तुला ते ठाऊक आहे. नसतं तर दुष्काळी चारा छावणीत दिवसभर जनावरं मोजून आल्यावर रात्री अकराला तू वही उघडली नसतीस. उसाच्या वाढ्याचा आंबूस वास, कानातला बिल्ला ओढला म्हणून मान झटकणारी खिलार गाय, टँकर उशिरा आला म्हणून पाण्याच्या नांदीपाशी उभं राहून शिव्या घालणारी ती म्हातारी, हे सगळं तू पाहिलंस आणि नोंदवहीत मावेना म्हणून दुसऱ्या वहीत लिहिलंस. इथवर माझं काही म्हणणं नाही.

आता तुझा प्रश्न. मुंबईच्या त्या निर्मात्यांना आठ भागांची मालिका करायची आहे. दीड वर्षासाठी हक्क राखून ठेवायचे म्हणून ते पन्नास हजार देतात. म्हातारी तीस वर्षांची करायची, पहिल्याच भागात छावणीचालकाचं प्रेत कडब्याच्या गंजीत सापडायचं. तू तलाठ्याची नोकरी सोडून मुंबईला यायचं आणि चार जणांच्या सोबतीने लिहायचं. तू विचारतेस, नोकरी सोडू का? सही करू का? दोन्हीला माझं उत्तर एकच आहे. आधी कादंबरी पुरी कर.

तुला वाटेल, मी सिनेमाच्या विरोधात आहे. तसं नाही. ‘जैत रे जैत’ मी थिएटरात तीन वेळा पाहिला. गोनीदांची, म्हणजे गो. नी. दांडेकरांची, मूळ कादंबरी मला जवळपास पाठ होती आणि तरीही महानोरांची गाणी सुरू झाली की मी पुस्तक विसरायचे. जे पुस्तकाला जमत नाही ते पडदा करतो, हे मला मान्य आहे. पण जब्बार पटेलांच्या हाती पडण्याआधी ती कादंबरी संपलेली होती, छापलेली होती, लोकांच्या कपाटात होती. अरुण साधूंचंही तेच. पोटासाठी इंग्रजी पत्रकारिता आणि उरलेल्या वेळात मराठी कादंबऱ्या. ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्या एकत्र करून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली आणि 1979 मध्ये चित्रपट आला. दोनाचं एक झालं, पात्रं इकडची तिकडे गेली. पण आज कुणीही ग्रंथालयात जाऊन ‘मुंबई दिनांक’ मागितली तर ती अख्खी मिळते. चित्रपटाने तिच्यातलं काही कमी केलं नाही, कारण कमी करण्याआधी ती पुरी झालेली होती.

आणि तू तर माणदेशाच्या कडेला राहतेस. सांगोल्याहून आटपाडी किती लांब? तिथले व्यंकटेश माडगूळकर स्वतः चित्रपटांच्या पटकथा लिहायचे, सिनेमावाल्यांत त्यांची ऊठबस होती. त्यांची ‘बनगरवाडी’ पुस्तक म्हणून आली 1955 साली. अमोल पालेकरांचा चित्रपट आला 1995 साली. चाळीस वर्षं! त्या चाळीस वर्षांत ‘बनगरवाडी’ कुणाची वाट पाहत थांबली नव्हती, ती वाचली जात होती. तुला मात्र दीड वर्षाची घाई झाली आहे.

माझ्या बाबतीत काय झालं ते तुला सांगायला हवं. मी ते फारसं कुणाला सांगितलेलं नाही.

माझी पहिली कादंबरी 1989 साली आली, इचलकरंजीच्या मागांवरची. मी तेव्हा बँकेत कॅश काउंटरला होते. सकाळी दोघांचे डबे, नंतर बँक, आणि रात्री स्वयंपाकघराच्या ओट्यावर पाट ठेवून लिहिणं. सात वर्षांनी एक निर्माते घरी आले. शंभर रुपयांचा स्टँप पेपर, त्यावर टाइप केलेलं दीड पान. सर्व माध्यमांतील सर्व हक्क, कायमचे. अकरा हजार रुपये. मी वाचलं. नीट वाचलं. ‘कायमचे’ हा शब्द मला दिसला होता आणि मी सही केली. कुणी मला फसवलं असं मी आजवर कधी म्हटलेलं नाही. सही माझी होती.

पण नुकसान त्या सहीने झालं नाही. पुस्तक लिहून झालं होतं, ते आजही आहे. नुकसान झालं ते पुढच्या महिन्यात. त्यांनी विचारलं, सध्या काय लिहिताय? मी दुसरी कादंबरी लिहीत होते. अक्काताई नावाची कांड्या भरणारी बाई, नवऱ्याच्या पश्चात एकटीने चार माग चालवते. दोनशे बारा पानं झाली होती. मी उत्साहाने सगळी गोष्ट सांगितली. ते म्हणाले, हिची तर तेरा भागांची मालिका होईल, भागवार लिहून द्या. मी कादंबरी बाजूला ठेवली. दोन महिनेच ना, असं मनाशी म्हटलं आणि तेरा भाग लिहिले. प्रत्येक भागाच्या शेवटी प्रेक्षक अडकून राहायला हवा म्हणून अक्काताईला कधी पोलीस आले, कधी दीर आला, कधी आग लागली. मग तेराचे सव्वीस झाले. मग एक नटी ठरली, तिचे फोटो मला दाखवले. मग वाहिनीच्या कचेरीतलं कुणीतरी बदललं आणि सगळं थंडावलं.

मी वही पुन्हा उघडली. दोनशे बारावं पान. अक्काताई पहाटे मागावर बसते आणि पहिल्यांदा शेजारणीला हाक मारते, असं वाक्य अर्धवट सोडलेलं होतं. ती काय म्हणून हाक मारते ते मला ऐकू येईना. आधी मला तिचा आवाज ऐकू यायचा, घशात खरखर होती तिच्या. आता त्या नटीचा चेहरा दिसायचा आणि प्रत्येक वाक्यानंतर भाग संपल्यासारखं वाटायचं. मी वर्षभर प्रयत्न केला, पुढेही केला. ती वही ट्रंकेत आहे. तिच्या भोवतीचं रबर मागच्या वर्षी तुटलं, मी नवीन घातलं.

म्हणून सांगते, आधी कादंबरी पुरी कर.

ही केवळ भावनेची गोष्ट आहे असं समजू नकोस. कायदाही हेच सांगतो. आर. जी. आनंद नावाचे नाटककार होते, त्यांनी आपलं ‘हम हिंदुस्तानी’ हे नाटक एका दिग्दर्शकाला ऐकवलं. पुढे ‘न्यू दिल्ली’ नावाचा चित्रपट आला तेव्हा त्यांना तो आपल्याच नाटकासारखा वाटला. ते कोर्टात गेले आणि 1978 साली सर्वोच्च न्यायालयात हरले. कल्पना कुणाच्याच मालकीची नसते, तिची मांडणी तेवढी लेखकाची, असं न्यायालय म्हणालं. त्यांचं तर पुरं नाटक होतं, रंगमंचावर झालेलं. तू त्या लोकांना काय पाठवणार? चार पानी टिपण. छावणीतली म्हातारी ही कल्पना उद्या कुणीही उचलेल आणि तुला बोट दाखवायला काही नसेल.

आता हिंदी लेखिका मन्नू भंडारींचं पाहा. त्याही नोकरी करायच्या, दिल्लीत मिरांडा हाउसमध्ये शिकवायच्या. सिनेमाशी त्यांचं वैर नव्हतं. त्यांच्या कथेवरचा ‘रजनीगंधा’ लोकांनी डोक्यावर घेतला होता. पण ‘आपका बंटी’वरून ‘समय की धारा’ हा चित्रपट निघाला आणि त्यात आपल्या कादंबरीचा विपर्यास झाला, असं त्यांना वाटलं. हक्क दिलेले होते, तरी त्या कोर्टात गेल्या. 1986 साली दिल्ली उच्च न्यायालयाने सांगितलं, हक्क विकले म्हणून लेखकाचा सगळा अधिकार संपत नाही. कॉपीराइट कायद्याचं सत्तावन्नावं कलम आहे, मूळ कृतीची मोडतोड करून लेखकाच्या नावलौकिकाला धक्का लावता येत नाही. मला तो सगळा प्रकार कळला तेव्हा मी एकच गोष्ट मनाशी धरली. मूळ आणि रूपांतर शेजारी शेजारी ठेवून दाखवायला मन्नूजींच्या हातात छापलेली कादंबरी होती. माझ्या अक्काताईचं काय दाखवणार होते मी? दोनशे बारा पानं आणि एक अर्धं वाक्य?

कराराबद्दल विचारलं आहेस म्हणून एवढंच. किती काळासाठी हक्क ते लिहिलं नसेल तर कायदा पाच वर्षं धरतो, म्हणून ते ‘कायमचे’ लिहितात. ते खोडायला सांग. कुठली माध्यमं ती एकेक नावाने लिहून घे. बाकी एखाद्या जाणत्या वकिलाला दाखव, दोन-तीन हजार जातील, जाऊ देत. पण हे सगळं पुढचं. छापील पुस्तक हाती येऊ दे, मग वाटाघाटीला बस. तेव्हा तेच लोक तुझ्याशी वेगळ्या आवाजात बोलतील.

नोकरीचं. श्री. ना. पेंडसे बेस्टमध्ये नोकरीला होते आणि मुंबईत राहून त्यांनी दापोलीच्या मातीतला ‘गारंबीचा बापू’ उभा केला. नोकरीने माणूस मरत नाही. गोनीदांसारखं केवळ लेखणीवर जगणारे असतात, पण त्यांची पायपीट आणि त्यांचा संयम आपल्यात आहे का, हे आधी स्वतःला विचार. आपल्या सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ बघ. ‘फकिरा’वर चित्रपट निघाला, ‘वैजयंता’वर निघाला, आणि 1969 साली एकोणपन्नासावं वर्ष पुरं व्हायच्या आत तो माणूस हलाखीत गेला. चित्रपटाने त्यांचं घर चालवलं नाही. पुस्तकं मात्र अजून चालतात. तुझ्या हातात महिन्याचा पगार आहे आणि त्याच नोकरीने तुला छावणी दाखवली. ती सोडून मुंबईत चार जणांच्या खोलीत बसलीस तर पुढची कादंबरी कशातून येणार?

तू म्हणशील, ताई, तुम्ही मात्र सोडलीत. सोडली. 2001 साली बँकेची स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि नऊ वर्षं दैनंदिन मालिकांचे संवाद लिहिले. सेटवर कलाकार थांबलेले, आणि मी इथे मिरजेत सीन लिहून एकेक पाठवतेय, अशा रात्री काढल्या. त्या पैशांतून सासऱ्यांचं डायलिसिस झालं, मुलाचं इंजिनीअरिंग झालं, हे घर झालं. ते काम मी मन लावून केलं. एकही भाग टाकाऊ दिला नाही. माझ्या एका मैत्रिणीने मला तोंडावर विचारलं होतं, विकली गेलीस का गं? तिच्या घरी कुणाचं डायलिसिस नव्हतं. मी तिच्याशी दोन वर्षं बोलले नाही, आणि ते मला आजही बरोबर वाटतं. कुणी मला ते दिवस वाया गेले म्हणालं तर मी ऐकून घेणार नाही. संवाद कसा छाटायचा हे मी तिथेच शिकले. बाई रडतेय हे तिला न रडवता कसं लिहायचं, तेही.

पण तुला हे सगळं सांगताना माझ्या लक्षात येतंय की मी तुला उत्तर देत नाहीये. मी अजून त्या मैत्रिणीलाच उत्तर देतेय. असो. माझी गरज खरी होती आणि अक्काताई गेली हेही खरं आहे. एकाने दुसरं भरून निघत नाही. तुझ्यावर आज तशी वेळ नाही. घरी दोघं कमावती आहेत, आई धडधाकट आहे, हे तूच लिहिलं आहेस. मग घाई कसली? पन्नास हजारांची? की मुंबईतून फोन आला याची? रागावू नकोस. तो फोन आल्यावर पायाखालची जमीन कशी हलते ते मला माहीत आहे. मला तर घरी माणूस आला होता, आणि मी त्याला शिरा करून घातला होता.

त्यांना कळव, की कादंबरी लिहून होईपर्यंत मी काहीही सांगणार नाही, पाठवणार नाही, सही करणार नाही. थांबले तर थांबले. कादंबरीकार चिं. त्र्यं. खानोलकर 1976 साली गेले. त्यांच्या ‘चानी’वरचा शांतारामबापूंचा चित्रपट 1977 सालचा, ‘कोंडुरा’वरचा बेनेगलांचा 1978 चा. त्यांनी स्वतः दोन्ही पाहिले नाहीत. पण ‘कोंडुरा’ लिहिताना त्यांना कुठल्या नटीचा फोटो कुणी दाखवला नव्हता.

आणि म्हातारीला तीस वर्षांची करू नकोस. त्यांना हवी असेल तर ते करतील, तो त्यांचा पडदा. तुझ्या कागदावर तिचं वय तेवढंच राहू दे. तिचे गुडघे दुखतात म्हणून तर ती नांदीला टेकून उभी राहते आणि म्हणून तर तिला टँकरचा नंबर दिसतो. तुझी सगळी गोष्ट त्या गुडघ्यांवर उभी आहे, हे त्या लोकांना कसं कळणार?

एकशे चाळीसाव्या पानावर ती रात्री गायीचं दावं सोडते, कानातला बिल्ला काढून छावणीच्या नोंदवहीवर ठेवते आणि निघते. बाहेर चांदणं आहे. ती डोंगराकडे जाते की गावाकडे, ते तू लिहिलेलं नाहीस. कुणाशी बोलली आहेस का यावर? नसशील तर बोलू नकोस. मलाही फोनवर सांगू नकोस. पुढची पानं झाली की पोस्टाने पाठव, आणि अक्षर जरा मोठं काढ. पुढच्या महिन्यात माझ्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, उजव्याने वाचावं लागेल.

तुझी,
ताई