झपाट्याने वाढणाऱ्या किनारी शहराने पुराचा आणि धुपेचा धोका कसा मोजावा? समुद्रभिंत पुरेशी आहे का?

माझ्या मते मोजणी आजच्या शहराची नव्हे, तर पुढील तीस वर्षांत वाढणाऱ्या शहराची करायला हवी. पाऊस तेवढाच राहिला तरी पाणी मुरणारी जमीन काँक्रीटखाली जाते, ओढे-नाले अरुंद होतात आणि तेच पाणी कमी वेळात अधिक उंची गाठते. सरासरी शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या मोठ्या पुराची शक्यता दरवर्षी १ टक्का धरली, तर तीस वर्षांत तो किमान एकदा येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के होते, आणि घर बांधणाऱ्याला हा दुसरा आकडा सांगितला गेला पाहिजे.

नदीचा पूर, शहरातील पाऊस आणि समुद्राची भरती यांचे वेगवेगळे नकाशे करून थांबू नये. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली, की पर्जन्यजल वाहिन्यांची मुखे पाण्याखाली जातात आणि एरवी सुरक्षित वाटणारी वस्ती बुडते. भूजलाच्या उपशाने जमीनही खचते. टोकियोचे काही भाग विसाव्या शतकात चार मीटरहून अधिक खचले आणि उपशावर निर्बंध आल्यानंतरच हे खचणे बहुतांशी थांबले; समुद्राची पातळी कोणत्याही एका शहराच्या हातात नसते, उपसा मात्र असतो.

धुपेसाठी वाळूचा हिशेब मांडावा लागतो. धरणांनी अडवलेला गाळ, बंदराच्या बांधांनी रोखलेली वाळू आणि उपसलेली वाळू एकत्र धरली, की किनारा का मागे सरकतो हे बहुतेक वेळा उलगडते. समुद्रभिंत मागची जमीन वाचवते, परंतु तिच्यावर आपटून परतणाऱ्या लाटा पुढची पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, खरवडतात आणि भिंतीच्या टोकापलीकडील किनारा अधिक वेगाने झिजतो. त्यामुळे एका वस्तीचे संरक्षण शेजारच्या, बहुधा गरीब, वस्तीच्या माथी मारले जाते. नेदरलँड्सने २०११ मध्ये हेगजवळ सुमारे २ कोटी १५ लाख घनमीटर वाळू एकाच ठिकाणी टाकून ती किनाऱ्यावर पसरवण्याचे काम लाटांवर आणि वाऱ्यावर सोपवले. एवढा खर्च प्रत्येक शहराला झेपणार नाही.

जी शहरे अजून वाढत आहेत, त्यांच्याकडे याहून स्वस्त उपाय आहे: पूरमैदाने, पाणथळ जागा, खारफुटी आणि वाळूच्या टेकड्या बांधकामाआधीच राखून ठेवणे. तेथे आधीपासून राहणाऱ्यांना मात्र उपजीविकेजवळ पर्यायी घर दिल्याशिवाय हलवू नये. तोवर त्यांना वेळेवर इशारा आणि उंचावरचा निवारा मिळायलाच हवा.