वाचकांचे प्रश्न : नोव्हेंबरचा अंक निघालाच नाही, तरी लेट?

प्रश्न : नमस्कार. मी तालुक्याच्या एका वाचनालयात ग्रंथपाल आहे. कोहा हे वाचनालयाचं सॉफ्टवेअर बसवलं, पुस्तकं सगळी चढली, पण मासिकांचं अजून कार्डांवरच चाललंय. एका मासिकाचं सबस्क्रिप्शन करून बघितलं, दिवाळीपर्यंत झकास चाललं, मग डिसेंबरचा अंक हातात आला त्यावर ११ छापलंय आणि कॉम्प्युटर म्हणतो १२, आणि वर नोव्हेंबरचा लेट दाखवतो जो निघालेलाच नाही! कुठे चुकलं? आणि जुने चाळीसेक वर्षांचे गठ्ठे आपोआप चढतील का?

उत्तर : चुकलं काहीच नाही हो, दिवाळी आली एवढंच. कोहाला तुम्ही मासिक म्हणून सांगितलंत, त्याने बारा महिने बारा अंक धरले. १९०९ मधे 'मनोरंजन'ने दिवाळी अंक काढला तेव्हापासून आपल्याकडे ही चाल पडलीय, त्यात ऑक्टोबर-नोव्हेंबरचा जोडअंक कितीतरी मासिकं काढतात, पण ते सॉफ्टवेअरला कोण सांगणार, आपणच.

आधी मागच्या दिवाळीचा अंक आणि त्याच्या पुढचा डिसेंबरचा अंक शेजारी ठेवून बघा. जोडअंकावर 'अंक १०-११' असेल तर डिसेंबरचा १२ येतो, म्हणजे वर्षाचे आकडे बाराच. तुमच्या मासिकाने मात्र जोडअंकाला एकच नंबर दिलाय, १०, म्हणून डिसेंबरचा ११. म्हणजे त्यांचं वर्ष अकरा अंकांचंच आहे.

मग नंबरिंग पॅटर्नमधे (अंकांचे आकडे कसे वाढवायचे तो नियम) 'वर्ष' हा एक्स आणि 'अंक' हा वाय धरला तर एक्स दर ११ अंकांनी एकने वाढवायचा, वाय ११ च्या पुढे गेला की परत १. नाहीतर जानेवारीत 'अंक १२' येईल आणि वर्ष बदलणारच नाही. टेस्ट प्रेडिक्शन पॅटर्न बटण दाबलं की पुढचे अंक दिसतात, तिथे नोव्हेंबरसमोर 'प्रकाशित नाही' टिक करा आणि अंकाचा नंबर 'कीप' ठेवा, म्हणजे नोव्हेंबर आकडा खाणार नाही. (१०-११ छापणाऱ्या मासिकाला 'स्किप', आणि अंक जमा करताना १० चं १०-११ हाताने करायचं.) वर्षाच्या मधेच सुरुवात करत असाल तर इनर काउंटर (या वर्षातले किती अंक आधीच होऊन गेले तो आकडा) विसरू नका, पहिला अंक ७ असेल तर एक्सचा इनर काउंटर ६. इथेच निम्मे लोक अडकतात, मीही अडकलो होतो.

आता जुने गठ्ठे. नाही, आपोआप काही चढत नाही. प्रेडिक्शन पुढचं सांगतं, कपाटात काय आहे ते त्याला काय माहीत. चाळीस वर्षांचा एकेक अंक जमा करत बसू नका, दोन दुपारी काढा, बांधलेले खंड उघडून बघा (पुठ्ठ्यावरच्या आकड्यावर जाऊ नका!) आणि सबस्क्रिप्शनला मॅन्युअल हिस्ट्री चालू करून तिथे आलेले अंक आणि नसलेले अंक थोडक्यात लिहा. मार्क २१ मधे (ग्रंथालयांच्या संगणकीय नोंदींचा ठरलेला साचा) हेच काम ८६६ फील्ड करतं, साध्या वाक्यात होल्डिंग, म्हणजे आपल्याकडे काय काय आहे ते. ८५३ मधे पॅटर्न आणि ८६३ मधे प्रत्यक्ष अंक असाही प्रकार आहे पण कोहाचं सिरियल मॉड्युल आपला पॅटर्न स्वतःच्याच टेबलमधे ठेवतं, तेव्हा त्याच्या नादी लागू नका.

बघताना दिवाळी अंक आहे का ते मुद्दाम बघा. आपल्याकडे दिवाळी अंकांची वेगळी योजना, वेगळी वर्गणी, ते अंक सभासदांच्या घरोघरी फिरतात आणि बांधणीला जाताना नेमका तोच हजर नसतो. आमच्याकडे एका मासिकाची नोंद सलग होती, एक संशोधक बाई लांबून एसटीने आल्या, आणि त्यांना हवा होता तो दिवाळी अंक कुठल्याच खंडात नाही. तेव्हापासून मी नोंदीत स्पष्ट लिहितो, 'दिवाळी अंक वगळून'. दिवाळी अंक वेगळा ठेवत असाल तर त्याला वेगळा बारकोड लावा, म्हणजे कोणाकडे गेलाय ते तरी कळेल.

आणि हो, चाळीस वर्षांत मासिकाचं नाव बदललं असेल तर जुन्या नावाखाली सगळं कोंबू नका, नवीन रेकॉर्ड करा आणि ७८० (आधीचं नाव) / ७८५ (नंतरचं नाव) या फील्डने दोन्ही जोडा.

कार्डं एवढ्यात रद्दीत देऊ नका. एक पूर्ण दिवाळी जाऊ द्या.