बाईकची बॅटरी सारखी उतरते. नवीन टाकावी का?

तुम्ही लिहिलंय त्यावरून परिस्थिती अशी दिसते: १५० सीसीची बीएस ६ गाडी, किक नाही, बॅटरी तीन वर्षं जुनी. गाडी रविवारी भाजी आणण्यापुरती निघते, एरवी पार्किंगमध्ये उभी. सेल्फ दाबला की बऱ्याचदा नुसती टकटक. बॅटरी उतरू नये म्हणून तुम्ही एक दिवसाआड दहा मिनिटं गाडी जागेवर चालू ठेवता, आणि मेकॅनिक म्हणतो नवीनच टाका.

पहिल्यांदा ते जागेवर चालू ठेवणं बंद करा. आपल्याकडे हा उपाय घरोघरी चालतो, पण १ एप्रिल २०१७ नंतरच्या दुचाकींना हेडलाइट बंद करायचं बटणच नसतं. इंजिन सुरू झालं की दिवा लागतो, शिवाय फ्युएल पंप आणि ईसीयूही (इंजिनचा कंप्युटर) वीज खात असतात. आयडलवर, म्हणजे रेस न देता, मॅग्नेट कॉइल (गाडीची वीज तयार करणारा भाग) जेवढी वीज देते त्यातली बहुतेक इथेच संपते, बॅटरीच्या वाट्याला किरकोळ उरतं. समजा तुमची बॅटरी ५ एएचची (अँपिअर-अवर, म्हणजे तिची क्षमता) आहे (नेमका आकडा तिच्यावर छापलेला असतो) आणि ती अर्धी उतरलीय. म्हणजे तिला अडीच एएच परत हवेत, भरताना वाया जातं ते वेगळं. चालत्या गाडीत दिवा-पंपाचा खर्च जाऊन बॅटरीकडे एखादा अँपिअर जरी जात असला तरी हिशेब तीनेक तासांवर जातो. भाजीच्या फेरीत तो बसणार कसा?

आता मेकॅनिकचं म्हणणं. बॅटरी गेलीही असेल, पण मीटर न लावता हे सांगणं म्हणजे अंदाज. साधा डिजिटल मल्टीमीटर काहीशे रुपयांत मिळतो, नवीन बॅटरीपेक्षा नक्कीच स्वस्त. रात्रभर गाडी बंद ठेवा आणि सकाळी चावी न लावता टर्मिनलवर डीसी व्होल्ट मोजा. १२.६ ते १२.८ आले तर बॅटरी भरलेली आहे. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली गेलं की जवळपास रिकामी. गाडीवरून आल्या आल्या मोजू नका, तेव्हा आकडा फुगलेला असतो.

बॅटरी उतरलेली निघाली तर आधी ती काढून चार्जिंगला लावा, निकाल नंतर. काढताना काळी (निगेटिव्ह) वायर आधी, लावताना लाल आधी; म्हणजे पाना चुकून चासिसला टेकला तरी ठिणगी उडत नाही. चार्जरचा करंट एएचच्या दहावा हिस्सा ठेवायचा, ५ एएचला अर्धा अँपिअर. गॅरेजमधला कारचा मोठा चार्जर लावून तासाभरात ‘फुल’ करून देतात, ते टाळा. बॅटरी तापते आणि आतल्या प्लेटा खराब होतात. पूर्ण चार्ज करून रात्रभर नुसती ठेवा आणि पुन्हा मोजा. १२.६ च्या वर टिकली तर तिच्यात अजून जीव आहे. १०.५ च्या आसपास अडकली तर एक सेल मेला, कारण सहा सेलची बॅटरी असते आणि प्रत्येकाचे २.१ व्होल्ट. तिथे मेकॅनिक बरोबर. पण व्होल्ट टिकले म्हणून लगेच खूश होऊ नका. बॅटरी गाडीत बसवा, मीटर टर्मिनलवर धरूनच सेल्फ मारा. आकडा क्षणभर खाली येणारच, पण १० च्या वर राहायला हवा. भरलेली बॅटरी सेल्फला ९ किंवा ८ वर कोसळत असेल तर ती उभ्या-उभ्या ठीक दिसते, कामाला येत नाही.

गाडी सुरू झालीच आहे तर चार्जिंगही बघून घ्या. रेस देऊन ४,००० ते ५,००० आरपीएमला टर्मिनलवर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट दिसले पाहिजेत. रेस वाढवूनही १३ च्या खाली राहत असेल तर कॉइल, रेग्युलेटर (चार्जिंगचे व्होल्ट आवरणारा भाग) किंवा मधला एखादा कपलर (वायरींची जोडणी) जळालाय. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर बॅटरीला उकळतोय. दोन्हींत नवीन बॅटरी टाकली तरी तीही तशीच जाईल, म्हणून हे पैसे देण्याआधीच बघायचं.

काही गॅरेजांत चार्जिंग तपासायला गाडी चालू असताना बॅटरीची वायर काढतात. कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांमध्ये ते खपून जायचं. तुमच्या गाडीत कुणालाही तसं करू देऊ नका. बॅटरी निघाल्यावर व्होल्टेज उसळी मारतं आणि ईसीयू जाऊ शकतो. त्याची किंमत विचारून बघा एकदा.

तुमची गाडी उभीच जास्त असते, त्यामुळे गाडी बंद असताना वीज गळत असल्याचाही संशय येतो. जीपीएस ट्रॅकर, अलार्म किंवा हँडलवरचा मोबाइल चार्जर बसवलाय का? काळी वायर काढा, मीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर ठेवून वायर आणि टर्मिनलच्या मध्ये लावा. चावी बंद. एक-दोन मिलीअँपिअर घड्याळासाठी जातात, ते चालतं. २० (मीटरवर ०.०२) दिसले तर ५ एएचची भरलेली बॅटरी २५० तासांत, म्हणजे दहा दिवसांत साफ रिकामी होईल, आणि सेल्फ त्याच्या बराच आधी हात टेकेल. मीटर असा जोडलेला असताना सेल्फ मात्र दाबू नका, मीटरचा फ्यूज उडेल किंवा मीटरच जळेल.

अर्थिंग बहुतेक जण बघतच नाहीत. पावसाळ्यात, त्यातही कोकणात, काळी वायर इंजिनला जिथे बोल्ट केलेली असते तिथे गंज धरतो. सेल्फ मारताना मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर दोष जोडणीत आहे. घासून साफ करा, बोल्ट आवळा. टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर असेल तर खायचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने पुसून, कोरडं करून वर पेट्रोलियम जेली लावा.

तुमची बॅटरी बहुतेक सीलबंद असणार. तिची पट्टी उचकटून पाणी भरायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. पाण्याची असेल तर वरच्या आणि खालच्या रेषेच्या मध्ये डिस्टिल्ड वॉटर. आरओचं किंवा एसीतून ठिबकलेलं पाणी चालत नाही, आणि ॲसिड कधीच वाढवायचं नाही.

सगळं ठीक निघालं तर तुमच्या वापराला स्वतः थांबणारा लहान स्मार्ट चार्जर घ्या. पार्किंगमध्ये प्लग नसला तर बॅटरी काढून महिन्यातून एकदा घरी लावा. उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि मग चार्ज करूनही ती पूर्ण भरत नाही. अधूनमधून तासभर हायवेवर घेऊन गेलात तर उत्तमच.

आणि नवीनच घ्यावी लागली तर डब्यावरची उत्पादनाची तारीख बघा, वर्षभर शेल्फवर पडलेली नको. कोरडी येणारी बॅटरी दुकानदार ॲसिड भरून लगेच बसवून देतो. त्याला सांगा, आधी चार्ज करून दे, मी उद्या येतो. जुनी त्याच्याकडेच द्या, भंगाराचे पैसे किमतीतून वजा करून घ्या आणि वॉरंटी कार्डावर त्याच दिवशीची तारीख आणि शिक्का मारून घ्या.